अटकेच्या रात्री मोफत वकील : लोकअभिरक्षक सेवेचा आमचा अनुभव

ही सेवा पैसे देऊन घेता येत नाही आणि ती घ्यायची वेळ येईपर्यंत तिची चौकशी करायला कोणी जात नाही. म्हणून विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाकडून, म्हणजे आरोपीला मोफत बचावाचा वकील देणाऱ्या कार्यालयाकडून, आम्हाला काय मिळाले, काय मिळाले नाही आणि त्या निमित्ताने विनावॉरंट अटकेचा कायदा आमच्यासारख्यांना किती चुकीचा ठाऊक होता, हे सविस्तर लिहीत आहे. प्रकरण अजून न्यायालयात आहे, त्यामुळे आमचा जिल्हा, समोरचा जिल्हा, पोलीस ठाणे आणि वकील यांची नावे देत नाही. आमचे गाव बालाघाटाच्या पायथ्याला आहे आणि दसरा उलटला की निम्मे गाव ऊसतोडीला बाहेर पडते, एवढे सांगितले तरी मराठवाड्यातल्या वाचकाला बाकीचे चित्र आपोआप दिसेल.

माझा पुतण्या मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजुरांची टोळी नेणारा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वाहनमालकाकडून त्याने बारा कोयत्यांसाठी, म्हणजे ऊस तोडणाऱ्या बारा जोडप्यांसाठी, नऊ लाख रुपये उचल घेतली, नोटरीसमोर करारनामा केला आणि पैसे जोडप्यांमध्ये वाटले. हंगाम सुरू होताना सातच कोयते फडावर पोहोचले. उरलेल्या पाच जोडप्यांनी दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन कर्नाटकाचा रस्ता धरला होता. वाहनमालकाने आधी फोनवर तगादा लावला आणि मग आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद दिली. असे वाद आमच्या भागात दर हंगामाला होतात आणि बहुतेक पुढच्या हंगामाच्या उचलीत वळते होऊन मिटतात. हा मिटला नाही.

गेल्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास एक खासगी मोटार वाड्यासमोर थांबली. तिघे उतरले. तिघेही साध्या कपड्यांत होते आणि कोणाच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. "साहेबांना भेटायचं आहे, उद्या संध्याकाळी परत आणून सोडतो," एवढे बोलून त्यांनी पुतण्याला गाडीत बसवले. सूनबाईने प्रसंगावधान राखून मोबाइलवर चाळीस सेकंदांचे चित्रण केले. त्यात गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसतो आणि माझ्या भावाचा, म्हणजे पुतण्याच्या वडिलांचा, आवाजही ऐकू येतो : "वॉरंट दाखवा आधी, वॉरंट!" त्यावर गाडीतला एक जण हसल्याचे ऐकू येते. ते हसणे त्या रात्री जिव्हारी लागले होते. नंतर कळले की हसण्याची पद्धत वाईट असली तरी त्या एका मुद्द्यावर तो माणूस चुकीचा नव्हता.

पुतण्यावर लावलेले कलम भारतीय न्याय संहितेचे ३१८(४), म्हणजे जुने चारशेवीस. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आपल्या हद्दीबाहेर जाऊन देशात कुठेही करू शकतात. रात्री अटक करता येत नाही, असेही आमच्या गल्लीत छातीठोकपणे सांगितले जात होते. तो नियम स्त्रियांपुरता आहे : सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही आणि अपवादात्मक परिस्थितीत करायचीच झाली तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. पुरुषाला असे संरक्षण नाही. माझा भाऊ अडुसष्ट वर्षांचा आहे. "मुलगा सापडला नसता तर म्हाताऱ्याला नेलं असतं," असे जाता जाता कोणीतरी बोलले होते, त्यामुळे साठीच्या पुढच्या माणसाला अटक होत नाही हा तिसरा समजही मी उराशी बाळगून होतो. तोही अर्धाच खरा निघाला. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि आरोपी साठीच्या पुढचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, इतकेच कायदा म्हणतो. अर्थात मुलाच्या गुन्ह्यासाठी बापाला उचलायला साठीच्या आतही कायद्यात जागा नाही, ही गोष्ट वेगळी.

थोडक्यात, वॉरंट मागण्यात आम्ही ती रात्र फुकट घालवली. मागायला हवे होते ते दुसरेच कागद, आणि ते कोणते हे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले.

आता सेवेबद्दल. आमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाबद्दल आधी लिहितो, कारण तिथे निराशा पदरी पडली. तालुका न्यायालयाच्या फाटकाशेजारी विधी सेवा समितीचा निळा फलक आहे. त्यावरच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर रात्री साडेअकराला फोन केला तेव्हा एका सद्गृहस्थाने झोपेतून उठून, तरीही सौजन्याने, सांगितले की त्यांची बदली होऊन दीड वर्ष झाले आहे. त्याच फलकाच्या तळाशी १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदतक्रमांक बारीक अक्षरांत होता, तो मला सकाळच्या उजेडात दिसला, हा दोष माझा. जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाला विचारले तर अशा नावाच्या माणसाच्या अटकेची नोंदच नव्हती. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटकेतील व्यक्तींची माहिती ठेवण्यासाठी अधिकारी नेमलेला असावा आणि ती माहिती ठळकपणे लावलेली असावी, असे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ सांगते. बाहेरच्या जिल्ह्याच्या पोलिसांनी कळवलेच नाही तर तो अधिकारी तरी काय लावणार? वहिनी रात्रभर एकच वाक्य बोलत होत्या : "लेकराला कुठं नेलं ते तर सांगा वो." त्यांच्या डोळ्यांसमोर परभणी होती. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असलेल्या विधी शाखेच्या तरुण विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि पुढच्या जुलैत औरंगाबाद खंडपीठाला पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. ही गोष्ट आमच्याकडे लिहितावाचता न येणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

बुधवारी सकाळी साडेदहाला मी जिल्ह्याच्या कार्यालयात पोहोचलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे म्हणणे असे की आरोपीला इथल्या न्यायालयात हजर केले तरच आमचा वकील उभा राहील, दुसऱ्या जिल्ह्याचे प्रकरण असेल तर तिकडे जा. हे उत्तर नियमाला धरून असेलही, पण राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटकेपूर्वीच्या, अटकेच्या आणि रिमांडच्या टप्प्यावर कायदेशीर मदत कशी पोहोचवायची याची स्वतंत्र चौकट घालून दिलेली असताना तीनशे किलोमीटरवरून विचारायला न आलेल्या, याच जिल्ह्यातून उचलून नेलेल्या माणसाच्या चुलत्याला "तिकडे जा" म्हणणे मला कोरडेपणाचे वाटले. झेरॉक्सचे चाळीस रुपयेही मागितले, ते मी दिले आणि पावती मागितल्यावर परत मिळाले.

सुदैवाने बाकावर कार्यालयाचे एक तरुण वकील बसले होते. त्यांनी आपणहून विचारपूस केली, समोरच्या जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयाचा क्रमांक शोधला आणि स्वतः फोन लावून दिला. त्यांना हे काम कोणी सांगितले नव्हते. या परीक्षणात आमच्या जिल्ह्याला जे काही गुण आहेत ते त्या दहा मिनिटांचे आहेत.

लोकअभिरक्षक हा शब्द अनेकांना नवा असेल. पूर्वी विधी सेवा म्हणजे पॅनेलवरचे वकील. ते स्वतःची वकिली सांभाळून, जमेल तसे गरिबांचे खटले चालवत. २०२२ पासून फौजदारी प्रकरणांत बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालये सुरू झाली. त्यात मुख्य, उप आणि सहायक अशा पायऱ्या असून या वकिलांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ मोफत मदतीला पात्र असणाऱ्यांची यादी देते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती असे त्यात अनेक आहेत, पण आमच्या कामी आले ते वेगळेच कलमवाक्य : जी व्यक्ती कोठडीत आहे ती उत्पन्नाचा विचार न करता पात्र असते. आमच्याकडची जुनी माणसे निजामी अंमलाच्या सवयीने अजून 'हवालात' आणि 'जमानत' हेच शब्द वापरतात. त्यांच्या भाषेत सांगायचे तर हवालातीत असणे हाच पुरेसा दाखला, उत्पन्नाचा आणखी दाखला लागत नाही. मी तहसीलच्या दाखल्यासाठी सकाळी एक तास रांगेत उभा राहिलो होतो. तो तास वाचला असता.

समोरच्या जिल्ह्याच्या सहायक लोकअभिरक्षक या तिशीतल्या वकीलबाई आहेत. फोनवर त्यांनी माझे लांबण मध्येच तोडले आणि चार गोष्टी विचारल्या. किती वाजता नेले? नेताना कोणत्याही कागदावर घरच्या कोणाची सही घेतली का? याआधी हजर राहण्याची लेखी नोटीस आली होती का? चित्रण आहे का, असेल तर मूळ फोनमधून पुसू नका. बाकी काही बोलण्यापूर्वी त्या एवढेच म्हणाल्या, "काका, पोलिसांना अटकेचा अधिकार आहे का, यावर भांडू नका. अधिकार आहेच. त्यांना अटक करायची गरज होती का आणि ती कागदावर कुठे लिहिली आहे, एवढंच विचारायचं."

या तीन वाक्यांत किती कायदा आहे हे मला पुढच्या दोन दिवसांत उलगडत गेले. अटक करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याचे समर्थन असणे वेगळे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जोगिंदर कुमार प्रकरणात सांगितले. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत नुसता संशय पुरत नाही, असे कायदाच म्हणतो. आरोपी आणखी गुन्हा करील, तपास नीट होणार नाही, पुराव्यात ढवळाढवळ होईल, साक्षीदारांना धमकावले किंवा फूस लावली जाईल, अथवा तो न्यायालयात हजरच राहणार नाही, यांपैकी कोणत्या कारणाने अटक आवश्यक आहे ते अधिकाऱ्याने लेखी नोंदवायचे असते. आवश्यक नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची आणि नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करायची नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ४१ आणि ४१-अ कलमांत होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने ही कारणे तपासण्याची सूची पोलिसांच्या हाती दिली आणि ती न वाचता कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनाही जबाबदार धरले. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागणार नाही, ती रीतसर बजावलीच पाहिजे, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. पुतण्याला नोटीस कागदावरही आली नव्हती आणि फोनवरही.

यापुढचा प्रसंग मी स्वतः पाहिला नाही. मी एस.टी.त होतो. पण पुतण्याचा धाकटा भाऊ रात्रीच जीप करून मोटारीमागे निघाला होता आणि बुधवारी पहाटेपासून त्या ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बसून होता, त्याने पाहिले. दुपारी चारला वकीलबाई ठाण्यात गेल्या आणि अशिलाला भेटायचे आहे म्हणाल्या. चौकशी सुरू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते. पूर्ण वेळ वकील शेजारी बसवून घेण्याचा मात्र तो हक्क नाही. ठाणे अंमलदारांनी सांगितले की अजून अटकच झालेली नाही, नुसते चौकशीला बोलावले आहे, त्यामुळे अशील वगैरे प्रश्न येत नाही. बाईंनी आवाज न चढवता विचारले, "अटक नाही ना? मग त्याला माझ्याबरोबर समोरच्या टपरीवर चहाला येऊ द्या. पाच मिनिटांत परत आणून सोडते." अंमलदार डायरीत बघत राहिले. आतल्या खोलीचे दार कोणी उघडले नाही. बाईंनी तिथेच बाकावर बसून हाताने अर्ज लिहिला. आपण किती वाजता आलो, काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, एवढाच त्याचा मजकूर. आवक शिक्क्यासह त्याची प्रत घेऊनच त्या उठल्या. त्या अर्जावरची वेळ १६.२५ आहे.

अटक दाखवली गेली ती सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी.

गुरुवारी दुपारी तीनला पुतण्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले. पोलिसांच्या कागदावरचा हिशेब असा : ६.१० पासून ३ पर्यंत २० तास ५० मिनिटे, म्हणजे चोवीस तासांच्या आत. बाईंचा हिशेब मंगळवारी रात्री १०.४० पासून सुरू होत होता, कारण माणसाची मोकळीक जिथे संपली तिथे अटक सुरू झाली, ठाण्यातल्या वहीत ती केव्हा उतरली याला महत्त्व नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालातला हा सिद्धांत आहे. तसे मोजले तर ४० तास २० मिनिटे होतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) नुसार आणि संहितेच्या कलम ५८ नुसार यातून प्रवासाला लागणारा वेळ वजा करायचा असतो. आमच्या गावापासून त्या ठाण्यापर्यंत सात तास धरले तरी ३३ तास २० मिनिटे उरतात. शिवाय हजर करायचे ते अमुकच न्यायालयात, असे बंधन नव्हते. हद्द असो वा नसो, दंडाधिकाऱ्यासमोर उभे करायचे, एवढेच कलम म्हणते. न्यायालयात हे गणित मांडताना बाईंनी एका साध्या कागदावर दोन रकाने आखले होते. तो कागद त्यांनी नंतर मला दिला आणि मी हे लिहिताना तोच समोर ठेवला आहे.

अटकेचा पंचनामाही त्यांनी असाच उलटसुलट पाहिला. अटक करताना त्याच वेळी पंचनामा करायचा, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या परिसरातील प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, अटक झालेल्याची प्रतिसही घ्यायची आणि नातेवाइकाला कळवायचे, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आले आणि आता कलम ३६ मध्ये आहे. आमच्या पंचनाम्यात अटकेचे ठिकाण ठाण्याचे आवार आहे आणि साक्षीदार त्याच गावचा एक चहाविक्रेता, बहुधा ज्या टपरीवर बाई पुतण्याला नेऊ पाहत होत्या तिथलाच. सोबतच्या छापील तक्त्यात अटकेच्या गरजेची पाचही कारणे आहेत आणि पाचही चौकटींत एकाच हाताने, एकाच शाईने, एकाच झटक्यात केलेल्या खुणा आहेत. करारनामा नोटरीकडे नोंदलेला, रक्कम बँकेतून आलेली, फडावरून परतलेल्या सात कोयत्यांचे जबाब कोणालाही घेता येण्यासारखे. अशा प्रकरणात नेमका कोणता पुरावा कोण नष्ट करणार होते, हा बाईंचा प्रश्न सहायक सरकारी वकिलांनाही अवघड गेला, असे त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटले.

सगळ्यात मोलाचा मुद्दा मात्र तिसऱ्या कागदाचा होता. पुतण्याला एक पान दिले होते, त्यावर कलमाचा आकडा आणि 'गुन्ह्याच्या तपासकामी अटक आवश्यक' एवढीच ओळ. इथे आपली मराठी थोडी कमी पडते. पोलिसांना अटक का करावीशी वाटली तेही 'कारण' आणि या माणसाने नेमके काय केले म्हणून तो अटकेत आहे तेही 'कारण'. पहिले कोणत्याही आरोपीला लागू होईल इतके सर्वसाधारण असते. दुसरे त्या एकाच माणसाचे असते आणि घटनेच्या अनुच्छेद २२(१) ला दुसरे हवे आहे, कारण ते हातात असल्याशिवाय वकील जामिनाचा युक्तिवाद कशावर करणार? २०२३ आणि २०२४ च्या निकालांत हा आग्रह विशेष कायद्यांपुरता होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कारणे न कळवलेली अटक बेकायदा ठरते. मग ६ नोव्हेंबर २०२५ ला, आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यावीत, असे ठरवून दिले. आमची घटना त्यानंतर जेमतेम महिन्याभराची. बाईंच्या फाइलमध्ये त्या निकालाची प्रत पिवळ्या खुणा करून तयार होती. मोफत मिळणारा वकील अभ्यास करून येत नाही, असे मीही आजवर समजत होतो.

निकाल काय लागला? चित्रपटात होते तसे काही झाले नाही. न्यायालयाने अटक बेकायदा असल्याचे जाहीर केले नाही. तपासी अधिकाऱ्याने मागितलेली पाच दिवसांची पोलीस कोठडी नाकारली, अटकेच्या वेळेतील विसंगतीबद्दल लेखी खुलासा मागवला, न्यायालयीन कोठडी दिली आणि त्याच दुपारी जामिनाचा अर्ज मंजूर केला. परक्या जिल्ह्यात जामीनदार आणायचा कुठून, ही अडचण बाईंनी आधीच ओळखून रोख जामिनाची विनंती केली होती, ती पंधरा हजारांवर मान्य झाली. पैसे भरायला नाझरच्या खिडकीवर पोहोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि पाचला खिडकी बंद होणार होती. कार्यालयाचा शिपाई पुढे पळाला नसता तर पुतण्याची आणखी एक रात्र आत गेली असती. ठाण्यातील सीसीटीव्हीचे बुधवारचे चित्रण जतन करावे, असाही अर्ज बाईंनी दिला. असे चित्रण शक्यतो अठरा महिने ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. त्यावर, त्या दिवशी यंत्रणा दुरुस्तीला होती, असे उत्तर आले आहे. हे उत्तर वाचून बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते फाइलला लावले.

बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागायची तर उच्च न्यायालयात जावे लागेल, आणि माणूस आमच्या गावातून उचललेला असल्याने औरंगाबाद खंडपीठाकडे जाता येईल, असे त्यांनी समजावले. पुतण्याने हात जोडले. त्याचे म्हणणे, उरलेल्या हंगामात दोन पैसे मिळवू द्या, न्यायालयाच्या पायऱ्या नंतर चढू. मला ते पटले नाही, पण कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. मूळ फिर्यादीतही फारसा दम नाही, असे बाईंचे मत आहे, कारण फसवणूक ठरण्यासाठी पैसे घेतानाच मनात लबाडी असावी लागते आणि करार नंतर मोडणे म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. ते दोषारोपपत्र आल्यावर बघायचे.

तारे द्यायची रीत आहे म्हणून देतो. समोरच्या जिल्ह्याच्या कार्यालयाला पाचपैकी साडेचार. अर्धा तारा कापला तो जामिनानंतर तीन आठवडे फोन न उचलल्याबद्दल, आणि एका सहायकाकडे किती फाइली असतात ते टेबलावर पाहिल्यामुळे तोही कापताना जड गेले. आमच्या जिल्ह्याला दोन, त्यातला दीड त्या तरुण वकिलांचा. फलकावरचा क्रमांक बदलला आणि रात्री फोन घेणारा एक माणूस ठेवला तर ते लगेच तीनवर येतील, कारण अटकेच्या प्रकरणात पहिल्या रात्रीचीच सेवा सर्वांत महाग असते आणि तीच सध्या उपलब्ध नाही. खासगी वकिलाने याच कामाचे पहिल्या दिवसाचे चाळीस हजार सांगितले होते, हे तुलनेसाठी नमूद करतो.

ज्यांना ही सेवा घ्यावी लागेल त्यांना व्यवहारातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. कोणाला नेले की पहिल्यांदा घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि गाडीचा क्रमांक टिपा. आमच्या प्रकरणात चाळीस सेकंदांच्या चित्रणाने जे केले ते कोणत्याही ओळखीने झाले नसते. स्थानिक ठाण्यात जाऊन, बाहेरचे पथक आल्याची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत आहे का, हे विचारा आणि नसेल तर तसा अर्ज देऊन पोच घ्या. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका, माझ्या भावाने चौकशीच्या नावाखाली आलेल्या एका कागदावर नंतर केली आणि ती आता निस्तरावी लागत आहे. वकील नाही असे दंडाधिकाऱ्यांसमोर मोकळेपणाने सांगा. गरीब आरोपीला पहिल्यांदा हजर करतानाच मोफत वकिलाची माहिती द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवले आहे, त्यामुळे त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

पुढची तारीख मार्चअखेरची आहे. बाईंनी नोटरीकडच्या नोंदवहीचा साक्षांकित उतारा, बँकेचे विवरण आणि कर्नाटकात गेलेल्या पाच जोडप्यांपैकी निदान एकाचा पत्ता आणायला सांगितले आहे. उतारा आणि विवरण मिळाले. जोडपी अजून फडावर आहेत.